इथेनॉलचे धोरण आणि जुन्या मोटारसायकलींचे वायसर

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसंबंधी एक खुलासा प्रसिद्ध केला. या मिश्रणामुळे जुन्या वाहनांची इंजिने बिघडतात ही भीती निराधार आहे, असा त्या खुलाशाचा एकंदर सूर होता. मात्र त्यातच एक वाक्य असेही होते की, काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरच्या वापरानंतर रबराचे काही भाग व गॅस्केट बदलण्याचा सल्ला देता येईल. हा बदल स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी सहज होण्याजोगा आहे. त्या सुमारास जो वाद माजला त्यात मायलेज किती घटते, विम्याचे काय होणार, साखर कारखान्यांचा लाभ किती, या मुद्द्यांवर पुष्कळ शाई खर्ची पडली. या एका वाक्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही. वस्तुतः जुनी मोटारसायकल बाळगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्या खुलाशातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच होते.

कारण त्या वाक्यातून चार प्रश्न उपस्थित होतात आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर त्यात नाही. रबराचे कोणते भाग बदलावयाचे? ते कोणत्या रबराचे असावेत? ते कोठे मिळतील? आणि दुकानदाराने पुढे केलेला भाग खरोखर त्याच रबराचा आहे हे ग्राहकाने कसे ओळखावे? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतील. पाच-दहा रुपयांच्या वायसरसाठी अग्रलेखाच्या पानावरील जागा अडवावी काय, असेही कोणी विचारील. परंतु मोठी धोरणे ज्या ठिकाणी सामान्य माणसाच्या अंगणात उतरतात ते ठिकाण बहुधा असेच लहान असते. म्हणून या वायसरचा विचार थोडा सविस्तर करणे अगत्याचे आहे.

दोन प्रकारचे मालक

जुनी मोटारसायकल म्हटली की छंदिष्ट धनिकांची प्रतिमा डोळ्यांसमोर उभी राहते. तसे मालक आहेतच. जुलै २०२१ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने काढलेल्या अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. तिचे शुल्क वीस हजार रुपये असून असे वाहन नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच त्याला मुभा आहे. १९५५ पासून मद्रासला जुळणी होऊ लागलेल्या बुलेटच्या आरंभीच्या गाड्या, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील पहिल्या जावा, पोलिश गाडीच्या नमुन्यावर एस्कॉर्ट्सने बनविलेली राजदूत या सर्व आता त्या वयाच्या झाल्या आहेत. १९७२ साली बाजारात आलेल्या लूना आणि चेतक यांच्या पहिल्या गाड्यांनीही पन्नाशी ओलांडली आहे.

परंतु या मालकांपेक्षा संख्येने कितीतरी मोठा असा दुसरा वर्ग आहे, ज्याने गाडी छंद म्हणून नव्हे तर परवडत नाही म्हणून जपली आहे. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली यामाहाची आरएक्स १००, हिरो होंडाची पहिली सीडी १००, त्याच पिढीतील बुलेट आणि येझदी या गाड्या आजही तालुक्याच्या गावी दुधाच्या किटल्या वाहतात, शिक्षकांना शाळेत आणि कारकुनांना कचेरीत पोचवतात. या वर्गाला व्हिंटेजची मोहोर नको आहे. सकाळी किक मारल्यावर गाडी सुरू व्हावी आणि टाकीखाली पेट्रोलचे थेंब पडू नयेत एवढीच त्याची अपेक्षा आहे. दोन्ही वर्गांच्या गाड्यांतील पेट्रोलचा मार्ग मात्र सारखाच आहे: टाकी, तिच्या तळाशी पेट्रोल कॉक, त्याला जोडलेला पाइप, आणि कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर. या मार्गावर पाच-सहा ठिकाणी रबराची, बुचाची किंवा फायबरची पॅकिंगे असतात. इथेनॉलचा पहिला परिणाम होतो तो त्यांच्यावर.

रबर का फुगते

‘रबर’ हा एकच शब्द आपण अनेक भिन्न पदार्थांना लावतो आणि घोटाळ्याचा आरंभ येथूनच होतो. झाडापासून मिळणारे नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये फुगून निकामी होते, म्हणून वाहनांच्या इंधनमार्गासाठी दीर्घकाळ नायट्रिल रबर वापरले गेले. ब्यूटाडाइन आणि ॲक्रिलोनायट्राइल या दोन द्रव्यांच्या संयोगातून ते तयार होते. त्यात ॲक्रिलोनायट्राइलचे प्रमाण जितके अधिक तितका त्याचा पेट्रोलपुढे टिकाव अधिक. मात्र त्याबरोबर थंडीतील लवचीकपणा कमी होतो. शुद्ध पेट्रोलसाठी हे रबर उत्तम होते आणि जुन्या गाड्यांचे अभियंते त्यावर विसंबून राहिले यात त्यांचा दोष नाही. इथेनॉल त्यांच्या हिशेबातच नव्हते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नुसत्या पेट्रोलमध्ये नायट्रिल रबर थोडे फुगते, नुसत्या इथेनॉलमध्येही थोडेच फुगते. परंतु दोहोंच्या मिश्रणात ते दोहोंपेक्षा अधिक फुगते. त्यातही इथेनॉलचे प्रमाण अल्प असताना, साधारणपणे दहा ते पंचवीस टक्क्यांच्या टप्प्यात, हा परिणाम विशेष जाणवतो. शुद्ध इथेनॉलमधील रेणू परस्परांना घट्ट धरून असतात. पेट्रोलमध्ये ते विरळ झाले की त्यांची ती पकड सुटते आणि ते पेट्रोलसह रबरात शिरकाव करू लागतात. ‘थोडेसेच इथेनॉल आहे, त्याने काय होणार?’ हा युक्तिवाद रबराच्या बाबतीत म्हणूनच टिकत नाही. सध्याचे वीस टक्क्यांचे प्रमाण नेमके त्याच टप्प्यातील आहे.

फुगलेला वायसर आपल्या खोबणीत मावत नाही आणि कॉकची खिट्टी फिरता फिरत नाही. पण खरी हानी त्यानंतर होते. रबर मऊ राहावे म्हणून त्यात कारखान्यात मिसळलेली तेलकट द्रव्ये हे मिश्रण हळूहळू धुऊन काढते. गाडी महिनाभर उभी राहिली, पेट्रोल उडून गेले, की तेच रबर आक्रसते, कडक होते आणि त्याला बारीक चिरा पडतात. पुढच्या वेळी टाकी भरली की गळती सुरू होते. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या कॉकमध्ये बुचाचा तुकडा असतो, तोही वाळला की बसकण मारतो. पूर्वीचे कारागीर पॅकिंगला लाख लावून बसवीत. लाकडावर पॉलिश करणारा कोणताही कारागीर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून घेतो, आणि इथेनॉल हे त्या स्पिरिटचेच मूळ द्रव्य आहे. जी लाख शुद्ध पेट्रोलपुढे वर्षानुवर्षे टिकली ती या मिश्रणापुढे टिकणार नाही, हे सांगण्यास प्रयोगशाळेची गरज नाही.

यावर उपाय नाही असे नाही. फ्ल्युओरो-रबर या नावाचा एक वर्ग आहे; ड्युपाँट कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणलेल्या ‘वायटन’ या व्यापारी नावाने तो अधिक ओळखला जातो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ते नायट्रिलच्या तुलनेने फारच कमी फुगते आणि दीर्घकाळ टिकते. पाइपांच्या बाबतीतही आतून फ्ल्युओरो-रबराचा थर दिलेला, ‘एसएई जे-३० आर-९’ अशी अक्षरे छापलेला पाइप मिळतो. तो मूळचा फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांसाठी आहे, पण जुन्या गाडीलाही योग्य मापात चालतो. म्हणजे तंत्रज्ञान अस्तित्वात आहे, ते नवे नाही आणि वायसरच्या आकाराच्या वस्तूसाठी ते फार महागही नाही. अडचण आहे ती ते योग्य माणसाच्या हाती पोचण्याची.

बाजारातील अंधार

कोणत्याही गावातील स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन पेट्रोल कॉकचा वायसर मागावा. दुकानदार प्लास्टिकच्या डब्यातून एक काळी कडी काढून देतो आणि ‘घ्या साहेब, सगळ्याला चालतो’ असे आश्वासनही देतो. त्या कडीवर ना द्रव्याचे नाव, ना निर्मात्याचे, ना वर्षाचे. दुकानदार लबाड असतोच असे नाही; त्यालाही ते ठाऊक नसते. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून तो माल आणतो त्यानेही विचारलेले नसते.

या अज्ञानातून जे उपाय निघतात ते मूळ रोगाहून वाईट ठरतात. पारदर्शक पाइपमधून पेट्रोल दिसते म्हणून अनेकजण तो पसंत करतात. साधा पीव्हीसीचा पाइप काही महिन्यांत पिवळा पडून काडीसारखा कडक होतो. सिलिकॉन उष्णतेला टिकते ही गोष्ट खरी, म्हणून ते पेट्रोललाही टिकेल असे समजले जाते. प्रत्यक्षात साधे सिलिकॉन रबर पेट्रोलमध्ये भराभर फुगते. ब्रेकच्या तेलासाठी आणि रेडिएटरच्या पाण्यासाठी वापरले जाणारे ईपीडीएम रबर आपल्या कामात उत्कृष्ट, परंतु पेट्रोलशी त्याचे मुळीच जमत नाही. हे तिन्ही पदार्थ दिसण्यात टिकाऊ आहेत, तिघांची कडी बोटात धरली असता सारखीच वाटते आणि तिन्ही चुकीच्या जागी बसविले जातात.

कारखान्याकडे दाद मागावी तर अनेक कारखानेच उरलेले नाहीत. आयडियल जावाचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. राजदूत बनत नाही, आरएक्स १०० बनत नाही. ज्या कंपन्या चालू आहेत त्यांच्याकडे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या नमुन्याच्या पॅकिंगचा संच मिळाला तर तो बहुधा मूळ रेखाटनाप्रमाणे बनविलेला, म्हणजे मूळच्याच रबराचा असण्याचा संभव असतो. मार्च २०२१ च्या अधिसूचनेने नव्या वाहनांवर इथेनॉलचे किती प्रमाण चालते हे दर्शविणारी पट्टी लावण्याची सोय केली. जुन्या वाहनावर ती कोण लावणार? अशा स्थितीत ‘बदल स्वस्त आहे आणि सहज होण्याजोगा आहे’ हे विधान किमतीपुरते खरे असले तरी व्यवहारात अपुरे ठरते.

धोरण चूक नव्हते

याचा अर्थ इथेनॉलचे धोरणच चूक होते असा कोणी काढू नये. या कल्पनेला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या मद्यार्कासंबंधीचा स्वतंत्र कायदा भारतात १९४८ सालीच झाला होता. तो २००० साली रद्द झाला. त्यानंतर २००१ मध्ये पाच टक्के मिश्रणाचे जे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले त्यांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे होते. २००३ पासून नऊ राज्यांत हे मिश्रण देण्याचा कार्यक्रम आरंभला गेला. पुढील पंधरा वर्षे तो रखडत चालला. कधी मळी अपुरी, तर कधी किमतीचा वाद.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० साठी ठेवले होते. ते पुढे पाच वर्षे अलीकडे ओढण्यात आले. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर वीस टक्क्यांचे मिश्रण आले आणि २०२५ मध्ये ते देशभर रूढ झाले. यामुळे एक लाख चाळीस हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले, असे सरकार सांगते. उसाचे पैसे कारखान्याकडून वेळेवर मिळण्यात इथेनॉलचा वाटा किती आहे हे सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना कोणी सांगावयास नको. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध घातले तेव्हा याच पट्ट्यातून सर्वांत मोठा आक्रोश उठला. ऊस पाणी फार पितो, मका अन्नातून इंधनाकडे वळतो, हे आक्षेप गंभीर आहेत. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथील मुद्दा मर्यादित आहे. उसाचा शेतकरी आणि जुन्या गाडीचा मालक हे परस्परांचे शत्रू नव्हेत. अनेक घरांत तर तो एकच माणूस आहे.

प्रश्न वेगाचा आणि पूर्वतयारीचा आहे. जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नीती आयोगाच्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळविलेल्या दुचाकींचे मायलेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता, आणि ग्राहकाला त्याची भरपाई करसवलतीतून मिळावी असे सुचविले होते. जुन्या वाहनांसाठी दहा टक्क्यांचे मिश्रण उपलब्ध राहावे, हा विचारही त्या आराखड्यात होता. उद्दिष्टाची तारीख अलीकडे आली, परंतु तिच्यासोबत यावयाच्या या गोष्टी मागे राहिल्या. इंधनाचे मानक २०१८ मध्येच ठरले होते. इंधन ज्या कड्यांतून जाते त्यांच्याबद्दल मात्र ग्राहकाला कोणी काही सांगितले नाही.

ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण पाचवरून दहा टक्के झाले. तेथेही जुन्या मोटारसायकलींचा मोठा वर्ग आहे. किंबहुना आपल्या बुलेटचे मूळ घरच तेथले. त्या सरकारने बदल रोखला नाही, पण दोन गोष्टी केल्या. अधिक ऑक्टेनच्या महाग पेट्रोलमध्ये पाच टक्क्यांची मर्यादा कायम ठेवून जुन्या वाहनांना एक पर्याय शिल्लक ठेवला. शिवाय कोणत्या कंपनीचे कोणते वाहन नव्या मिश्रणाला योग्य आहे, हे नागरिकाला स्वतः पडताळता येईल अशी सोय केली. जुन्या वाहनांच्या संघटनांनी कोणते रबर चालते आणि कोणते नाही याची माहिती सदस्यांना दिली. तेथील चर्चा दहा टक्क्यांची होती हेही विसरून चालणार नाही. आपण वीस टक्क्यांवर आहोत.

आपल्याकडे दोन प्रकारचे पेट्रोल ठेवणे अवघड आहे, हा तेल कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. प्रत्येक पंपावर वेगळी टाकी, वेगळा टँकर, वेगळा नळ म्हणजे खर्च आला आणि त्यात भेसळीला वावही आला. शुद्ध पेट्रोलचा पर्याय मिळावा म्हणून झालेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, आणि धोरणाचा प्रश्न धोरणकर्त्यांकडेच परत गेला. ब्राझीलचा दाखलाही नेहमी दिला जातो. तेथे १ ऑगस्ट २०२५ पासून हे प्रमाण तीस टक्के झाले हे खरे; परंतु त्या देशाने १९७५ पासून, म्हणजे अर्धशतक, आपली वाहने, दुकाने आणि कारागीर त्यासाठी घडविले आहेत. इंधन बदलण्याआधी त्यांनी यंत्राची भाषा बदलली. आपण ती पायरी ओलांडून पुढे गेलो, आणि आता मागे वळून ती बांधावी लागणार आहे.

किलोमीटरचा हिशेब

मंत्रालयाने सांगितलेला वीस-तीस हजार किलोमीटरचा निकष जुन्या गाडीला लागू पडत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. रोज वीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला वीस हजार पुरे होण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. तेथे हा निकष कामाचा आहे. पण जी राजदूत वर्षातून पाचशे किलोमीटर चालते तिला तो टप्पा गाठावयास चाळीस वर्षे लागतील. रबराचे वय चाकांच्या फेऱ्यांवर नव्हे, तर भिजण्या-वाळण्याच्या फेऱ्यांवर ठरते. उभी असलेली गाडी चालत्या गाडीहून लवकर गळू लागते हा अनुभव याच कारणाचा आहे. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. कोकणातील पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेल्या टाकीत गंज आणि कार्बोरेटरच्या तळाशी पांढरी भुकटी आढळते ती त्यामुळे.

हा प्रश्न गैरसोयीपुरता राहत नाही. पेट्रोल कॉक आणि पाइप यांच्या अगदी खाली तापलेले इंजिन असते. चाळीच्या जिन्याखाली किंवा इमारतीच्या तळमजल्यावर दहा-बारा गाड्या खेटून उभ्या असतात. तेथे एका गाडीच्या कॉकमधून रात्रभर पेट्रोल ठिबकत राहिले तर धोका एका मालकापुरता मर्यादित राहत नाही. दहा रुपयांच्या वायसरची किंमत तेव्हा निराळ्या मापाने मोजावी लागते.

काय करता येईल

उपाय महाग नाहीत आणि त्यांसाठी इथेनॉलचे प्रमाण कमी करण्याचीही गरज नाही. पहिली गोष्ट, भारतीय मानक ब्युरोने इंधनमार्गातील सुट्या वायसर, ओ-रिंग आणि पाइप यांच्या पाकिटावर द्रव्याचे नाव, इथेनॉलचे किती प्रमाण चालते आणि निर्मितीचे वर्ष छापणे बंधनकारक करावे. औषधाच्या गोळीवर जे आपण गृहीत धरतो ते पेट्रोलच्या पॅकिंगवर अशक्य नाही. दुसरी गोष्ट, चालू असलेल्या कंपन्यांनी आपल्या जुन्या नमुन्यांच्या वायसरची मापे आणि त्यांसाठी योग्य द्रव्य यांची यादी प्रसिद्ध करावी. ज्या कंपन्या बंद झाल्या त्यांच्या गाड्यांसाठी हे काम वाहन संशोधन करणाऱ्या सार्वजनिक संस्थांनी करावे. पुण्यात अशी मोठी संस्था आहे. जुन्या गाड्यांचे नमुने शेकडो असले तरी त्यांच्या वायसरची मापे तितकी नाहीत, पाच-पंचवीस मापांत बहुतेक गाड्या बसतील असे जाणकार मेकॅनिक सांगतात. तिसरी गोष्ट, तेल कंपन्यांनी फ्ल्युओरो-रबराच्या कड्यांचा एक लहान संच पंपावर रास्त किमतीत ठेवावा. ज्यांनी इंधन बदलले त्यांनी वायसरही द्यावा, यात अन्याय नाही.

चौथी गोष्ट शिक्षणाची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दरवर्षी दुचाकी दुरुस्ती शिकून मुले बाहेर पडतात. त्यांच्या अभ्यासक्रमात रबरांचे प्रकार हा एक तासाचा धडा पुरेसा आहे. शाळा-महाविद्यालयांनाही येथे करण्याजोगे काही आहे. फ्ल्युओरो-रबराची घनता पाण्याच्या सुमारे १.८ पट असते. नायट्रिलची त्यापेक्षा बरीच कमी, १ ते १.३ च्या आसपास. आर्किमिडीजचा नियम शिकविणाऱ्या शिक्षकाने बाजारातील दोन-तीन वायसर वर्गात आणून हवेत आणि पाण्यात तोलून दाखवावेत. कोणता खरा आणि कोणता नावाचा, याचा पुष्कळसा उलगडा तेथल्या तेथे होईल. रंगावर मात्र विसंबू नये. फ्ल्युओरो-रबर तपकिरी किंवा हिरवे मिळते तसे काळेही मिळते, आणि तपकिरी रंग कोणत्याही रबराला देता येतो.

तोवर मालकाने आपल्यापुरती काळजी घ्यावी. गाडी उभी करताना कॉक बंद करावा. महिनाभर वापर होणार नसेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. पाइप वर्ष-दोन वर्षांनी, तडा दिसण्याची वाट न पाहता बदलावा आणि त्यावरील अक्षरे वाचून घ्यावा. जुना वायसर फेकण्यापूर्वी त्याचे माप घ्यावे आणि दुकानात गाडीचे नाव सांगण्याऐवजी माप आणि द्रव्य सांगावे. शंका असल्यास नव्या कडीची एक जोडी घेऊन त्यातील एक, विस्तवापासून दूर आणि मोकळ्या हवेत, काचेच्या बंद बरणीत पंपावरील पेट्रोलमध्ये पंधरा दिवस ठेवावी व दुसरीशी ताडून पाहावी. फुगली असेल तर ती गाडीत बसवू नये.

हे सारे एका सामान्य माणसाने एकट्याने करावे लागते, हीच खरी तक्रार आहे. शासनाने इंधन बदलण्याचा अधिकार वापरला आणि तो वापरण्यामागे राष्ट्रहिताचा विचार होता हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु अशा निर्णयाबरोबर माहिती देण्याचे कर्तव्यही येते. ‘काही भाग बदलावे लागतील’ एवढे म्हटल्याने ते पुरे होत नाही. कोणते भाग, कशाचे आणि कोठे, हे सांगितल्यावर ते पुरे होते. वीस टक्क्यांच्या पुढे जाण्याची भाषा आता सुरू झालेली आहे. पुढचा आकडा जाहीर होण्यापूर्वी या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पंपावर मराठीत लावलेली असावीत, एवढी मागणी जुन्या गाडीच्या मालकाने केली तर तिला प्रगतीविरोधी म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.